वखारीतील वेचणी आणि तिचे यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

वसंतपंचमीच्या दिवशी गोदावरीकाठच्या बासर क्षेत्री साध्या पाटीला जेवढा मान मिळतो, तेवढा क्वचितच कोठे मिळत असेल. ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात त्या दिवशी तेलंगणातून आणि नांदेडकडच्या मराठी मुलुखातून आईबाप आपल्या लहानग्यांना घेऊन येतात आणि पाटी-पेन्सिल हाती देऊन त्यांच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेतात. या विधीला तेथे अक्षराभ्यास म्हणतात. बासर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते; २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा ते निर्मल जिल्ह्यात गेले. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी मुधोळ-भैंसा भागातील मराठी बोली आणि पलीकडच्या धर्माबादशी असलेले येणेजाणे जसेच्या तसे राहिले आहे.

अशा पर्वणीपूर्वी तेथील दुकानदाराला माल भरून ठेवावा लागतो. समजा, एकाने मागणी नोंदविली : पाट्या पाच डझन, पेन्सिलींच्या पेट्या दहा, एकेरी वह्या बारा डझन आणि रंगीत खडूंच्या डब्या चोवीस. यांतील एकही वस्तू त्याला गाडीभर नको आहे. पाट्यांच्या कारखान्याला पाच डझनांसाठी बासरपर्यंत मोटार धाडणे परवडत नाही, आणि चार जिनसांसाठी चार कारखान्यांचे उंबरे झिजविणे दुकानदाराला शक्य नाही. या दोघांच्या मध्ये उभी असते ती वखार. तेथे कारखान्यांचा माल राशीने येतो आणि दुकानांचा माल मुठीने जातो.

राशीतून मूठ काढण्याच्या या कामाला वेचणी हा शब्द अगदी चपखल बसतो. कापसाच्या शेतात मजूर ओळीओळीने फिरून फुटलेली बोंडे तेवढी वेचतो आणि कच्ची झाडावरच ठेवतो. वखारीतला कामगारही रांगांतून फिरून यादीत असलेली वस्तू, यादीत असेल तेवढीच, उचलतो. या वेचणीसाठी जे यंत्र निघाले आहे त्याला व्यापारी जगात ‘ऑर्डर पिकर’ म्हणतात. मराठीत त्याला वेचणी-यंत्र म्हणण्यास हरकत नाही. हे यंत्र मालाबरोबर माणसालाही उचलते. त्याचे सारे गुण या एका गोष्टीतून निघतात, आणि त्याचे सारे धोकेही.

साठवण आणि वेचणी

साठवणीची कला फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगणारे स्वतंत्र प्रकरण आहे. बायबलच्या जुन्या करारातील योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाची कोठारे भरून ठेवली, म्हणून पुढील दुष्काळाची सात वर्षे तो देश तरला, अशी कथा आहे. मराठी खेड्यांतही पेव, बळद आणि कणगी ही साठवणीची साधने पिढ्यान् पिढ्या वापरात होती. या सर्वांपुढे प्रश्न एकच असे : धान्य किती मावेल आणि किती दिवस टिकेल? स्वतंत्र भारतात १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आणि राज्याचे वखार महामंडळ स्थापन झाले, तेव्हाही शेतकऱ्याचा माल सुरक्षित राहावा आणि त्याच्या पावतीवर त्याला कर्ज मिळावे हाच मुख्य हेतू होता.

बासरवरून जाणाऱ्या सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावर या जुन्या पद्धतीची गुदामे आजही पाहावयास मिळतात. एका बाजूला निजामाबादची हळद, दुसऱ्या बाजूला धर्माबादची मिरची, आणि मार्गाच्या शेवटी मनमाडला भारतीय अन्न महामंडळाचे धान्यकोठार. अशा गुदामात एका जातीच्या धान्याच्या पोत्यांची थप्पी लागते. गव्हाचे हे पोते आणि ते पोते यांत भेद नसतो. माल निघतो तोही मालमोटार भरून किंवा वाघिणी भरून. म्हणून तेथे वेचणीचा प्रश्न फारसा उद्भवतच नाही. थप्पी लावावी आणि थप्पी मोडावी, एवढेच काम.

पाट्या, वह्या, औषधे, साबण, यंत्रांचे सुटे भाग यांची वखार मात्र निराळी. तेथे हजारो जातींच्या वस्तू असतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची यादी वेगळी असते. तेथे थप्पी लावली तर तळाची पेटी काढण्यासाठी वरच्या साऱ्या पेट्या उतरवाव्या लागतील. म्हणून अशा वखारीत पोलादी मांडण्या उभ्या करतात आणि प्रत्येक वस्तूला तिचे घर देतात. मांडणीच्या रांगेला एक अक्षर, उभ्या खणाला एक अंक आणि मजल्याला दुसरा अंक, असा त्या घराचा पत्ता असतो. टपालवाल्याला जसा गल्ली, घर आणि मजला कळला म्हणजे पत्र पोचविता येते, तसेच हे.

उंच मांडण्या का आल्या?

अशा वखारी आपल्याकडे गेल्या काही वर्षांत फार मोठ्या झाल्या, याला करपद्धतीतील एक बदल बराचसा कारण आहे. पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की त्यावर केंद्रीय विक्रीकर बसे. परंतु कंपनीने स्वतःचाच माल स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातील गुदामात हलविला तर ती विक्री ठरत नसे. म्हणून मोठे व्यापारी राज्याराज्यांतून लहान लहान गुदामे ठेवीत. सीमेलगतच्या गावांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. नदीपलीकडचे गाव जवळ असले तरी माल येई तो लांबच्या राजधानीवरून. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले, आणि अनेक लहान गुदामांऐवजी एकच मोठी वखार ठेवणे व्यापाऱ्याच्या सोयीचे झाले.

मराठी मुलुखातील याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भिवंडी. यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या आसपास माणकोली, दापोडे, पूर्णा, वळ अशा खेड्यांतून गुदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबईत माल नेताना जकात भरावी लागे. माल शहराबाहेर ठेवून लागेल तसा आत नेला तर जकातही लागेल तशीच भरावी लागे, म्हणून प्रथम ही गुदामे वाढली. २०१७ साली मुंबईची जकात गेली, परंतु नाशिक-मुंबई महामार्ग आणि बंदराची जवळीक यांमुळे गुदामे वाढतच राहिली. बासरच्या बाजूने पाहिले तर हैदराबादभोवतालच्या मेडचल आणि शमशाबाद भागांतही अशाच मोठ्या वखारी झाल्या आहेत.

शहरालगतची जमीन महाग. म्हणून वखार आडवी पसरण्याऐवजी उभी वाढते. जुन्या पत्र्याच्या गुदामात माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीपर्यंत माल लागे. नव्या वखारीची आतील उंची बारा मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार मजली घराएवढी असते. माल उंचावर ठेवण्याचे काम पॅलेट आणि फोर्कलिफ्ट यांनी सोपे केले. पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांचा बसका चौरंग. त्याचे एक प्रचलित माप १२०० मिलिमीटर गुणिले १००० मिलिमीटर असे आहे. त्याखाली दोन पोलादी काटे घालून फोर्कलिफ्ट साऱ्या पेट्यांसह त्याला वर नेते. १९१७ साली अमेरिकेतील क्लार्क कंपनीने कारखान्यातील माल हलविण्यासाठी जी गाडी बनविली, ती फोर्कलिफ्टची पूर्वज मानली जाते. आपल्याकडे विक्रोळीच्या गोदरेजनेही फोर्कलिफ्ट बनविण्याचा उद्योग चालविला आहे.

आता अडचण पाहा. बासरच्या दुकानदाराला चोवीस डब्या हव्या आहेत आणि त्या सहा मीटर उंचीवरच्या पॅलेटवर आहेत. फोर्कलिफ्टने तो पॅलेट खाली आणावा, चोवीस डब्या काढाव्यात आणि उरलेला माल पुन्हा वर ठेवावा, तर दोन मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागेल. शिडी लावावी, तर एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने पेट्या उतरविणारा कामगार पडण्याचे भय. म्हणून तिसरा उपाय निघाला : माल खाली आणण्याऐवजी वेचणाऱ्यालाच मालापर्यंत वर न्यावे.

चालण्यात जाणारा दिवस

उंचीएवढाच महत्त्वाचा प्रश्न अंतराचा आहे. एका यादीत चाळीस वस्तू आहेत आणि दोन वस्तूंमध्ये सरासरी पंधरा मीटरांचे अंतर आहे असे धरले, तर एका यादीसाठी सहाशे मीटर चालणे झाले. दिवसाकाठी अशा वीस याद्या पुऱ्या करणारा कामगार बारा किलोमीटर चालतो, आणि तेही भरलेली हातगाडी ढकलीत. वखारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील एक सर्वमान्य ठोकताळा असा की, वेचणाऱ्याच्या एकंदर वेळापैकी सुमारे निम्मा वेळ नुसत्या चालण्यात जातो, आणि वखार चालविण्याच्या खर्चातील निम्म्याहून अधिक खर्च वेचणीवर होतो. उरलेल्या वेळात शोधणे, मोजणे, उचलणे आणि लिहिणे ही कामे येतात. गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे काम यांपैकी फक्त उचलणे आणि मोजणे हेच. वेचणी-यंत्राचा उद्देश निरुपयोगी चालणे आणि चढणे कमी करणे, हा आहे.

यंत्राची रचना

या यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिले बसक्या जातीचे. त्यावर चालक उभा राहतो, मागे लांब काट्यांवर एक किंवा दोन पॅलेट ठेवलेले असतात, आणि जमिनीवरच्या व पहिल्या मजल्यावरच्या खणांतील माल वेचीत तो पुढे सरकतो. किराणा, शीतपेये, साबण असा जड व रोज खपणारा माल जेथे खालीच ठेवलेला असतो, तेथे हे यंत्र उपयोगी पडते. त्याचा मंच इतका ठेंगणा असतो की चालक दिवसात शेकडो वेळा उतरला-चढला तरी गुडघ्यांवर विशेष ताण येत नाही.

दुसरे उंच जातीचे, आणि वेचणी-यंत्र म्हटले की सहसा हेच डोळ्यांपुढे येते. त्यात एका बळकट खांबावर चालकाचा मंच आणि मालाचे काटे दोन्ही एकत्र वर-खाली सरकतात. मंचावर नियंत्रणाची मूठ, वर छप्पर, बाजूंना लहान फाटके. यंत्राच्या बुडाशी विजेची बॅटरी असते. ती जड असते, आणि तो जडपणा येथे गुणच ठरतो; कारण बुड जड असेल तर वर माणूस व माल गेल्यावरही यंत्राचा तोल राहतो. काही यंत्रे मंचाला दहा मीटरांच्या वर नेतात, आणि काट्यांवर सुमारे एक टनापर्यंत भार पेलतात. भार किती आणि कोणत्या उंचीवर पेलावा, याचा तक्ता यंत्रावरच लावलेला असतो. उंची वाढली की मान्य भार कमी होतो, हे त्या तक्त्यावरून चालकाने समजून घ्यावयाचे असते.

साध्या फोर्कलिफ्टला वळण्यासाठी दोन मांडण्यांमध्ये साडेतीन ते चार मीटर रुंद बोळ लागतो. अरुंद बोळासाठी बनविलेले वेचणी-यंत्र बोळात वळतच नाही. सरळ आत जाते आणि सरळ बाहेर येते. म्हणून त्याला दीड ते पावणेदोन मीटर रुंदीचा बोळ पुरतो आणि वाचलेल्या जागेत आणखी मांडण्या बसतात. इतक्या अरुंद जागेत चालकाने सुकाणू सांभाळीत बसू नये यासाठी दोन योजना असतात : जमिनीवर दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बसवून त्यांमधून यंत्र चालवायचे, किंवा फरशीत तार पुरून तिच्यातील विजेच्या संकेतावरून यंत्राने आपली वाट आपणच धरायची.

हे यंत्र विजेवर चालण्याचे कारण उघड आहे. बंद वखारीत डिझेलचा धूर माणसालाही बाधतो आणि मालालाही. शिसे-आम्लाची जुनी बॅटरी भरण्यास साधारण आठ तास लागतात आणि नंतर ती थंड होऊ द्यावी लागते. भरतेवेळी तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती जागा हवेशीर असावी लागते आणि तेथे विडी-सिगारेट निषिद्ध असते. अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या लवकर भरतात आणि जेवणाच्या सुटीतही थोड्या भरून घेता येतात.

यादी यंत्रापर्यंत कशी पोचते?

यंत्र कितीही उत्तम असले तरी कोठे जावे हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. ते काम संगणक करतो. दुकानदाराची मागणी नोंदली गेली की संगणक प्रथम तो माल शिल्लक आहे का हे पाहतो, मग प्रत्येक वस्तूचा पत्ता काढतो, आणि ते पत्ते अशा क्रमाने लावतो की चालकाला मागे फिरावे लागू नये. शेतात नांगर जसा एका तासाने जातो आणि शेजारच्या तासाने परत येतो, तसा हा मार्ग एका बोळातून जाऊन दुसऱ्यातून येणारा असतो.

चालकाच्या हाती एक लहान वाचक-यंत्र असते. त्यावर पत्ता, वस्तू आणि नग दिसतात. चालक त्या खणाशी जाऊन तेथील पट्टीसंकेत वाचतो. काळ्या-पांढऱ्या रेघांचा हा संकेत, ज्याला बारकोड म्हणतात, दोघा अमेरिकन संशोधकांनी काढला आणि १९५२ साली त्याचे एकस्व त्यांना मिळाले. दुकानातील त्याचा पहिला उपयोग मात्र २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या एका पुड्यावर झाला. वाचलेला संकेत यादीशी जुळला नाही तर वाचक-यंत्र लगेच इशारा देते. एकेरी वह्यांऐवजी दुरेघी वह्या उचलल्या गेल्या, तर ती चूक बासरला पेटी उघडल्यावर कळण्याऐवजी मांडणीपाशीच कळते. पर्वणीच्या आदल्या दिवशी दुकानदाराला हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे सांगावयास नको. काही वखारींत चालकाच्या कानाला ध्वनियंत्र असते. ते पत्ता बोलून दाखविते आणि चालक तोंडानेच उत्तर देतो. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात.

याद्या वेचण्याच्याही रीती आहेत. एक यादी घेऊन ती पुरी करणे ही सरळ रीत. चूक कमी, परंतु फेऱ्या जास्त. चार-पाच दुकानांच्या याद्या एकत्र करून एकाच फेरीत साऱ्यांचा माल वेचावा आणि मग तो वेगळा करावा, ही दुसरी रीत. तिसऱ्या रीतीत वखारीचे भाग पाडतात. प्रत्येक कामगार आपल्या भागातील वस्तू वेचून पेटी पुढच्याकडे सोपवितो. सर्वांत मोठी बचत मात्र यंत्राच्याही आधी, माल लावताना होते. रोज खपणारा माल कमरेच्या उंचीवर व दाराजवळ, आणि क्वचित लागणारा माल दूर व उंच ठेवावा. घरात मिठाची बरणी हाताशी आणि दिवाळीचा साचा माळ्यावर ठेवणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व कोणी शिकविलेले नसते. ज्या वखारीत हे साधे तत्त्व पाळले जात नाही, तेथे महागडे यंत्र आणले तरी ते दिवसभर नुसते वर-खाली करीत राहते.

उंचीवरचा माणूस

फोर्कलिफ्टवरून पेटी पडली तर पेटी फुटते. वेचणी-यंत्रावरून पडतो तो माणूस. पाच मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू सुमारे एका सेकंदात जमिनीवर येते, आणि त्या वेळी तिचा वेग ताशी ३५ किलोमीटरांच्या घरात असतो. तोल गेला हे मनाला उमगण्यापूर्वीच ती घटना संपलेली असते. म्हणून येथील सुरक्षेचे नियम चालकाच्या सावधपणावर सोडून चालत नाहीत. ते यंत्रातच बसवावे लागतात.

चालकाच्या अंगावर खांद्यांना आणि मांड्यांना बांधलेला पट्ट्यांचा साज असतो, आणि तो एका आखूड दोरीने मंचाच्या ठरलेल्या कडीला जोडलेला असतो. ठराविक उंचीच्या वर बाजूची फाटके बंद झाल्याखेरीज यंत्र हलत नाही. पायाखालची कळ दाबलेली नसेल तर ते थांबते. मंच जसजसा वर जातो तसतसा यंत्राचा वेग आपोआप कमी होतो. बंद पडलेल्या यंत्राचा मंच खालून उतरविता यावा, म्हणून जमिनीजवळ एक आणीबाणीची चावीही असते. ती कोठे आहे आणि कशी फिरवावी, हे खाली काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. कारण पडलेला माणूस दोरीने वाचला तरी पट्ट्यांत फार वेळ लटकत राहणे हेही जीवावर बेतू शकते.

एवढी योजना असूनही अपघात होतात, आणि त्यांची कारणे बहुधा साधी असतात. एखादी पेटी हातभर दूर असते; मंच पुन्हा नीट लावण्याऐवजी चालक वाकतो, किंवा एक पाय मांडणीवर ठेवतो. पट्टा काढघालीचा वेळ वाचावा म्हणून तो बांधतच नाही. फरशी खचलेली असते, आणि तळाशी अर्ध्या बोटाचा असलेला कल वर गेल्यावर हातभर होतो. उंच यंत्र बोळात काम करीत असताना खालून कोणी तरी चालत जातो. यांतील पुष्कळशा चुकांच्या मुळाशी घाई असते, आणि ती घाई नेहमीच चालकाची नसते. तासाला अमुक इतके नग वेचलेच पाहिजेत असा हिशेब जेथे कडक लावला जातो, तेथे पट्टा बांधण्याची अर्धी मिनिटेही कामगाराला आपल्या खिशातून दिल्यासारखी वाटतात. म्हणून वेगाचा आकडा ठरविताना पट्टा बांधणे, सकाळची यंत्रतपासणी आणि विश्रांती हे सारे त्यात धरले आहे की नाही, हे पाहणे व्यवस्थापकाचे कर्तव्य ठरते.

हमालाचे पुढे काय?

यंत्र आले की हाताचे काम जाते, ही भीती नवी नाही आणि खोटीही नाही. महाराष्ट्राला हमालांच्या प्रश्नाची ओळख आहे. मुंबईच्या बाजारांतील माथाडी कामगारांची संघटना अण्णासाहेब पाटील यांनी उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा केला. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याचा मान तेव्हा कायद्याने प्रथम ओळखला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली शिफारस केली होती की, एका प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक असेल तर ते त्वरेने त्या मर्यादेपर्यंत आणावे. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा हमाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या शिफारशीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. पाठ वाकविणारे ओझे यंत्राने उचलले, तर त्यात दुःख मानण्यासारखे काही नाही.

परंतु ज्याची पाठ मोकळी झाली त्याचा हातही मोकळा राहिला, तर तो लाभ अपुरा. वेचणी-यंत्रावर नोकरी मिळते ती अंक वाचणाऱ्याला, वाचक-यंत्र वापरणाऱ्याला, भाराचा तक्ता समजणाऱ्याला. पन्नाशीतला हमाल आणि विशीतला शिकलेला तरुण यांच्यात ही निवड सरळ तरुणाच्या बाजूने जाते. नांदेड, निजामाबाद आणि निर्मल जिल्ह्यांतील कामधंद्यासाठी हैदराबादच्या किंवा मुंबईच्या वाटेला लागणाऱ्या मुलांना ही नोकरी खुली आहे, आणि स्त्रियांनाही, कारण तिच्यात बळापेक्षा अवधान अधिक लागते. मात्र यंत्र चालविण्याचे रीतसर शिक्षण दिल्याशिवाय कोणालाही त्यावर चढविणे हा गुन्हाच मानला पाहिजे. शेजारी उभे राहून दोन दिवस पाहिले म्हणजे शिकणे झाले, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

येथेही यंत्राची धाव थांबलेली नाही. काही वखारींत आता माणूस मांडणीकडे जात नाही. लहान स्वयंचलित गाड्या मांडणीच उचलून माणसाकडे आणतात. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१२ साली अशा गाड्या बनविणारी किव्हा नावाची कंपनी विकत घेतली, तेव्हापासून या पद्धतीचा बोलबाला झाला. तिच्यात उंचीचे भय नाही, पण एकाच जागी उभे राहून तेच हातवारे दिवसभर करण्याचा शीण आहे. शिवाय तिचा खर्च मोठा. म्हणून मध्यम वखारीला वेचणी-यंत्रच परवडते, आणि लहान दुकानाच्या गुदामाला अजूनही एक चांगली, न डुगडुगणारी शिडी आणि पुसट न झालेल्या चिठ्ठ्या पुरतात. धान्याच्या थप्पीच्या गुदामात तर वेचणी-यंत्र आणणे व्यर्थच. कोणते साधन कोठे शोभते याचा विवेक हाही यंत्रविद्येचाच भाग आहे.

कामगाराच्या विश्रांतीचा हक्क नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांत मांडला आणि १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकात, माणसाला केवळ नफ्याचे साधन मानणे लज्जास्पद आहे, असे धनिकांना बजावले. त्या काळी प्रश्न गिरणीच्या भोंग्याचा होता; आज तो वखारीतील तासागणिक मोजणीचा आहे. 

एखादी वखार चांगली की वाईट हे पाहणाऱ्याने तिची उंची आणि यंत्रांची संख्या अवश्य विचारावी. त्यानंतर आणखी चार प्रश्न विचारावेत. रोजचा माल हाताच्या उंचीवर आहे का? चालकाचा पट्टा सकाळी तपासला जातो का? मंच अडकला तर तो खाली आणणारा माणूस जवळ आहे का? आणि दिवसाचे काम पट्टा बांधून पुरे होण्याजोगे आहे का? या चारही प्रश्नांचे उत्तर होय असेल, तर पाच डझन पाट्या वेळेवर बासरला पोचतील आणि त्या वेचणाराही संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जाईल.